ॲनाटॉक्सिन-ए: 'शेवाळाच्या' विषाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्यावर हिरवा तवंग दिसला की लोक नेहमी तेच तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं मात्र अर्धवट मिळतात, कोणी म्हणतं काही होत नाही, कोणी म्हणतं हात लावला तरी मराल, आणि दोन्ही चुकीचं आहे. म्हणून एका विषाबद्दल, ॲनाटॉक्सिन-ए बद्दल, जेवढं नीट सांगता येईल तेवढं इथे एकत्र लिहितोय. कुत्रा पाळणाऱ्यांनी आणि लहान मुलं घेऊन पाण्यावर जाणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा प्लीज.

ॲनाटॉक्सिन-ए म्हणजे नेमकं काय?

सायनोबॅक्टेरिया नावाचे जे जिवाणू पाण्यात वाढतात, त्यातल्या काही जाती तयार करतात ते हे एक नैसर्गिक न्यूरोटॉक्सिन, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणारं विष. रसायनाच्या भाषेत हे अल्कलॉइड, त्याच मोठ्या घराण्यातलं ज्यात निकोटिन येतं. रेणू अगदी छोटासा आहे, कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १५, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेक, रेणुभार साधारण १६५. पाण्यात सहज विरघळतं. हा १६५ आकडा लक्षात ठेवा, पुढे एका भलत्याच गोंधळात तो परत येणार आहे.

हे शेवाळाचं विष ना?

बोलताना आपण सगळेच शेवाळ म्हणतो, जुन्या पुस्तकांत नील-हरित शेवाळ असाच शब्द आहे, पण हे खरं शेवाळ नाही, हे बॅक्टेरिया आहेत जे झाडांसारखं प्रकाशसंश्लेषण करतात. फरक फक्त नावाचा नाही. साधं हिरवं शेवाळ घाण दिसतं पण सहसा असं विष बनवत नाही. सायनोबॅक्टेरियातले डॉलिकोस्पर्मम (याचं जुनं नाव ॲनाबिना, त्यावरूनच विषाचं नाव पडलं), ऑसिलेटोरिया, अफॅनिझोमेनॉन, मायक्रोकोलियस, टायकोनेमा असे बरेच जण ॲनाटॉक्सिन बनवू शकतात. बनवू शकतात, बनवतीलच असं नाही. एकाच जातीचा एक स्ट्रेन विषारी आणि शेजारचा दुसरा बिनविषारी असतो, कारण विष बनवायला लागणारा जनुकांचा गट एकाकडे असतो आणि दुसऱ्याकडे नसतो. हा जनुकांचा गट २००९ मध्ये ऑसिलेटोरियाच्या एका स्ट्रेनमध्ये ओळखला गेला, आणि तेव्हाच हेही कळलं की प्रोलिन या साध्या अमिनो आम्लापासून जिवाणू हे विष बनवायला सुरुवात करतो.

'व्हेरी फास्ट डेथ फॅक्टर' हे नाव खरंच आहे का?

खरंच आहे, कोणी सनसनाटीसाठी ठेवलेलं नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात तळ्याचं पाणी पिऊन गुरं मरत होती, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल गोरहॅम आणि त्यांचे सहकारी ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये त्याच्या मागे लागले होते. त्यांनी वेगवेगळे सायनोबॅक्टेरिया वाढवून त्यांचा अर्क उंदरांना टोचून बघितला. एका प्रकारच्या अर्काने उंदीर तासा-दोन तासांत मरायचे, त्याला 'फास्ट डेथ फॅक्टर' म्हटलं, ते आज मायक्रोसिस्टिन म्हणून ओळखलं जाणारं यकृताचं विष. ॲनाबिनाच्या अर्काने मात्र उंदीर काही मिनिटांतच संपायचे, म्हणून त्याला 'व्हेरी फास्ट', आणि तेच आपलं ॲनाटॉक्सिन-ए. नेमकी रचना १९७० च्या दशकात कळली.

शरीरात गेल्यावर ते करतं काय?

हे जरा सावकाश सांगतो कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

स्नायू हलवायचा असला की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या जागेला) चिकटतं, स्नायू आखडतो. मग लगेच ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम येऊन त्या ॲसिटिलकोलिनचे तुकडे करतं आणि स्नायू सैल पडतो. दारावरच्या बेलसारखं, बटण दाबलं की वाजते, बोट काढलं की थांबते. ॲनाटॉक्सिन-ए त्याच रिसेप्टरला चिकटतं, ॲसिटिलकोलिनपेक्षा जवळपास २० पट जोराने काम करतं, आणि मुख्य म्हणजे त्या एन्झाइमला ते तोडताच येत नाही. म्हणजे बेलचं बटण आतच अडकलं. सुरुवातीला स्नायू थरथरतात, फडफडतात, आणि सतत तोच संदेश येत राहिल्यामुळे थोड्या वेळाने ते प्रतिसादच देईनासे होतात, लुळे पडतात.

पायाचा स्नायू लुळा पडला तर प्राणी खाली बसेल. छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू लुळे पडले तर श्वास बंद. मृत्यू येतो तो या गुदमरण्याने येतो.

लक्षणं काय आणि किती वेळात?

प्राण्यांमध्ये काही मिनिटांपासून साधारण तासाभरात. झोकांड्या, अंग थरथरणं, धाप लागणं, हिरड्या आणि जीभ निळसर पडणं, झटके. पक्ष्यांमध्ये मान मागे पाठीकडे वळून ताठ होते, हे ज्यांनी बघितलंय ते विसरत नाहीत. माणसांमध्ये ओठ-बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा, चक्कर, गुंगी, बोलताना जीभ जड होणं असली लक्षणं धोक्याची समजायची. मात्र फक्त उलटी-जुलाब आणि अंगावर पुरळ असेल तर त्यामागे पाण्यातलं दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त, तरी डॉक्टरांना 'हिरव्या पाण्यात उतरलो होतो' हे सांगायचंच.

यावर उतारा आहे का?

नाही. ॲनाटॉक्सिन-एला अँटिडोट नाही. काही विषबाधांत देतात त्या ॲट्रोपिन या औषधानेही ते थांबत नाही, कारण ॲट्रोपिन ज्या रिसेप्टरवर काम करतं तो वेगळा, आणि हे विष बसतं तो वेगळा. करता येतं ते एकच, विष शरीरातून उतरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणं आणि झटके आवरणं. म्हणून मी सारखा म्हणतोय की पाण्याजवळ जायच्या आधीचा जो वेळ आहे तोच खरा आपल्या हातात आहे.

किती विषारी आहे, आकड्यात सांगा

उंदराच्या पोटात इंजेक्शनने दिलं तर दर किलो वजनामागे साधारण २०० ते २५० मायक्रोग्रॅमला निम्मे उंदीर मरतात. तोंडाने दिलं तर त्याच्या कितीतरी पट जास्त लागतं, मिलिग्रॅममध्ये. हे वाचून काहींना वाटतं मग पिण्यात तेवढा धोका नाही. तसं नाहीये, कारण तळ्यातलं विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. वाऱ्याने तवंग एका काठाला लोटला जातो, तिथे साय जमते, आणि तिथल्या एका घोटात मधल्या पाण्याच्या कित्येक पट जिवाणू असतात. आणि गुरं, कुत्री, मुलं पाण्यात उतरतात ती काठावरूनच.

कुत्रीच एवढी का मरतात?

याचं उत्तर कुत्र्याच्या वागण्यात आहे. तो पाण्यात पोहताना तोंड उघडं ठेवतो, काठावरचा घाणेरडा वास आवडीने हुंगतो, वाहून आलेले शेवाळासारखे गोळे चघळतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर आल्यावर अंग चाटतो. त्याच्या मानेच्या केसांत, पंजाच्या बोटांमध्ये तो हिरवा चिकट थर अडकलेला असतो आणि गाडीत मागच्या सीटवर बसून तो शांतपणे तो चाटून साफ करतो. मालकाला वाटतं दमलाय. पाण्यातून बाहेर काढलं म्हणजे सुटलो हा समज इथे जीव घेतो.

दुसरी गोष्ट जी अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, या विषासाठी पाणी हिरवं असायलाच पाहिजे असं नाही. मायक्रोकोलियससारखे जिवाणू वाहत्या, स्वच्छ, तळ दिसणाऱ्या नदीत दगडांवर काळपट-तपकिरी मखमली थर करून राहतात. त्या थराचे तुकडे सुटतात, काठाला लागतात, उन्हात त्यांना कुबट मातकट वास सुटतो आणि कुत्रा बरोबर त्याच्यावर जातो. न्यूझीलंडमध्ये हट नदीकाठी २००५ मध्ये अशीच कुत्री दगावली, आणि तिथे आजही उन्हाळ्यात नद्यांवर अशा थरांबद्दल इशारे लागतात. फ्रान्समध्ये लू नदीवर २००३ मध्ये, अमेरिकेत युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये व्हर्जिन नदीत २०२० मध्ये एक पिल्लू. बर्लिनच्या टेगल तलावात २०१७ मध्ये तर टायकोनेमा पाण्यातल्या मॉसमध्ये वाढलेला होता, मॉसचे झुबके वाहत काठाला आले आणि कुत्र्यांनी ते खाल्ले.

माणूस मेलाय का याने?

ॲनाटॉक्सिन-एमुळेच मृत्यू झाला असं निर्विवादपणे सिद्ध झालेलं माणसाचं एकही प्रकरण नाही. एक प्रकरण मात्र सगळीकडे सांगितलं जातं आणि ते पूर्ण सांगायला हवं. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात काही मुलं गोल्फ कोर्सवरच्या तळ्यात उतरली, त्यातला एक किशोरवयीन मुलगा साधारण दोन दिवसांनी गेला. त्याच्या नमुन्यांत ॲनाटॉक्सिन-ए सापडलं असं जाहीर झालं आणि पहिला मानवी बळी म्हणून बातमी जगभर गेली. पण अभ्यासकांना खटकत होतं, जे विष मिनिटांत मारतं त्याने दोन दिवस कसे लागले? आणि मग तो १६५ चा आकडा. आपल्या शरीरात फेनिलॲलानिन नावाचं एक अमिनो आम्ल कायमच असतं, अन्नातून येतं, त्याचंही वजन १६५. बारकाईने मोजलं तर ॲनाटॉक्सिन १६५.१२ आणि फेनिलॲलानिन १६५.०८, पण साध्या मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राला) एवढा फरक दिसत नाही, त्यामुळे मेलेल्या माणसाच्या रक्तात सहज 'विष' सापडू शकतं. म्हणून आज त्या निष्कर्षावर कोणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. एक मुलगा गेला हे खरंच आहे, आणि त्याच्या घरच्यांना चुकीचं कारण मिळालं असेल तर ते फार वाईट आहे, म्हणून तपासणी नीट होणं एवढं महत्त्वाचं.

सायनोबॅक्टेरियाच्या इतर विषांनी मात्र माणसं नक्की मेली आहेत. ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये डायलिसिसच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन होतं आणि डझनावारी रुग्ण गेले.

पाणी बघून विष आहे का कळतं का?

विष आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, वासानेही नाही. तो मातकट वास जिओस्मिन नावाच्या वेगळ्याच रसायनाचा, त्याचा विषाशी थेट संबंध नाही. सायनोबॅक्टेरिया आहेत का एवढा अंदाज मात्र घरी घेता येतो. हातात ग्लोव्हज घालून पारदर्शक बरणी पाऊण भरा, तवंगाच्या अगदी वरचं पाणी नको, जरा खालचं घ्या, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, वर ठळक लिहा म्हणजे कोणी पिणार नाही. मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा सकाळी खालचं पाणी जवळजवळ नितळ होतं आणि वर काचेला लागून रंगाच्या डब्यातल्यासारखं गर्द हिरवं कडं तयार झालं होतं. या जिवाणूंच्या पेशीत हवेच्या पिशव्या असतात म्हणून ते वर तरंगतात, साधं शेवाळ बहुतेक वेळा खाली बसतं.

अजून सोपं म्हणजे काठीने उचलून बघा. लांब केसांसारखे धागे काठीवर लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. काठी नुसतीच पेंटमध्ये बुडवल्यासारखी रंगून आली तर लांब राहा. तळाच्या थरांना या दोन्ही युक्त्या लागू पडत नाहीत हेही लक्षात असू द्या.

खरी तपासणी लॅबमध्येच. एलिसा किटने (अँटिबॉडी वापरून करायची चाचणी) प्राथमिक अंदाज आणि लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री, तीही फेनिलॲलानिनपासून वेगळं करून.

उकळून प्यायलं तर?

नको. उकळल्याने हे विष भरवशाने जात नाही, उलट पाणी आटून ते अजून दाट होऊ शकतं. घरातला कापडाचा किंवा साधा कँडलचा फिल्टरही यासाठी नाही, विरघळलेलं विष आरपार जातं.

मग शुद्धीकरण केंद्रात काय करतात?

पहिलं काम म्हणजे पेशी अख्ख्या असतानाच गाळून बाहेर काढणं, कारण विषाचा मोठा भाग पेशीच्या आत असतो, पेशी फुटली की पाण्यात. त्यानंतर जे विरघळलेलं उरतं त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, ओझोन किंवा परमँगनेट. क्लोरीनवर भिस्त ठेवता येत नाही, नेहमीच्या डोसला ॲनाटॉक्सिन-ए फारसं दाद देत नाही, मायक्रोसिस्टिनला क्लोरीन चालतं म्हणून इथेही चालेल असं धरणं ही चूक होते.

सुरक्षित मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेले आकडे असे: पिण्याच्या पाण्यात थोड्या काळासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, पोहण्या-खेळण्याच्या पाण्यात ६०. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी ६ च्या वर असेल तर दुसरं पाणी वापरा असा सल्ला. यांना त्यांनी मुद्दाम पक्की मार्गदर्शक मर्यादा न म्हणता संदर्भ मूल्य म्हटलंय, कारण दीर्घकाळ थोडं थोडं पोटात गेलं तर काय होतं यावर पुरेसा अभ्यास नाही.

गुआनिटॉक्सिन, सॅक्सिटॉक्सिन, बीएमएए हे सगळं तेच का?

नाही, आणि नावांचा घोळ फार आहे. गुआनिटॉक्सिनला २०२० पर्यंत ॲनाटॉक्सिन-ए(एस) म्हणायचे, एस म्हणजे लाळ गळण्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, त्यामुळे लोकांना ते ॲनाटॉक्सिन-एचाच प्रकार वाटायचं. रचना पूर्ण वेगळी आहे, ते नैसर्गिक ऑर्गॅनोफॉस्फेट आहे, कीटकनाशकांच्या जातीचं, आणि ते रिसेप्टरला न चिकटता ॲसिटिलकोलिन तोडणारं ते एन्झाइमच बंद पाडतं. बेलच्या उदाहरणात, बोट बटणावरून कोणी काढतच नाही. ओळख म्हणजे तोंडातून भरपूर लाळ आणि डोळ्यांतून पाणी. सॅक्सिटॉक्सिन मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग बुजवतं, संदेश निघतच नाही. बीएमएए हे एक अमिनो आम्ल, मज्जातंतूंवर सावकाश परिणाम करतं की काय यावर वाद चालू असलेलं वेगळं प्रकरण. होमोॲनाटॉक्सिन-ए मात्र खरंच सख्खं भावंड, एक कार्बन जास्त, काम तेच.

तळ्यात औषध मारून तवंग घालवला तर?

मोरचूद टाकला की पाणी दोन दिवसांत छान दिसायला लागतं आणि नेमका तेव्हाच धोका जास्त असतो, कारण पेशी फुटून सगळं विष पाण्यात उतरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातल्या तवंगावर कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूदच, मारलं आणि त्यानंतर १४८ जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. तिथलं विष वेगळं होतं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन, पण पेशी फुटण्याचा प्रकार हाच. मूळ कारण म्हणजे पाण्यात वाहून येणारं फॉस्फरस आणि नायट्रोजन, शेतातलं खत, सांडपाणी, जोडीला ऊन आणि साचलेलं पाणी. ते येणं थांबत नाही तोवर तवंग परत परत येणारच.

मासे आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या?

तवंग असलेल्या पाण्यातले मासे शक्यतो टाळा, खायचेच तर आतडी-यकृत काढून मांस स्वच्छ पाण्याने धुवा. गोळ्यांचं म्हणाल तर स्पिरुलिना (तीही सायनोबॅक्टेरियाच) स्वतः हे विष बनवण्यासाठी ओळखली जात नाही, पण सायनोबॅक्टेरियाच्या काही सप्लिमेंटमध्ये तपासणीत ॲनाटॉक्सिन सापडलेलं आहे, म्हणून ज्या कंपनीचा विषतपासणीचा रिपोर्ट नाही ती मुलांना देऊ नका.

कुत्रा अशा पाण्यात जाऊन आला, आता?

आधी त्याला चाटू देऊ नका, हेच पहिलं. तोंड धरा, कॉलर धरा, जे जमेल ते, आणि ग्लोव्हज घालून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, पंजे आणि शेपटीखालचं विसरू नका. धुता धुता व्हेटला फोन लावा, लक्षणं दिसत नसली तरी. थरथर किंवा झोकांड्या सुरू झाल्या असतील तर धुण्यात वेळ न घालवता टॉवेलात गुंडाळून थेट न्या आणि जाताना कळवा की श्वासाचा आधार लागू शकतो. मीठाचं पाणी पाजून उलटी करवायचा प्रयत्न अजिबात नको, झटक्यात ते फुप्फुसात जातं. जमलं तर दुसऱ्या कोणाला त्या पाण्याचा नमुना घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्यायला सांगा, गार आणि अंधारात ठेवा, कारण उन्हात हे विष झपाट्याने मोडतं आणि मग लॅबला काहीच सापडत नाही.

तवंग गेल्यावर किती दिवस थांबायचं?

कडक उन्हात आणि आम्लारी पाण्यात ॲनाटॉक्सिन-ए एक-दोन तासांत निम्मं होतं, अंधारात आणि गढूळ पाण्यात मात्र ते दिवसच्या दिवस टिकतं. तवंग दिसेनासा झाला म्हणजे तो मेला, वाऱ्याने पलीकडे गेला की खाली बसला हे काठावर उभं राहून सांगता येत नाही. त्यामुळे इशारा लावलेला असेल तर तो काढेपर्यंत, आणि नसेल तर निदान दोन आठवडे तरी कुत्र्याला पट्ट्यावरच ठेवा. आणि पाणी ओसरल्यावर दगडांवर जे काळे-तपकिरी पापुद्रे वाळून सुटतात ना, वाळलेल्या कागदासारखे, त्यांच्यापासूनही लांब, त्यात विष राहिलेलं असू शकतं आणि कुत्र्यांना ते कुरकुरीत लागतं.